दोघांत एक स्टँड

मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीच्या मांडवापुढचे स्टेज, सिंथेसायझर, चमकी लावलेला कोट घातलेला निवेदक आणि खास फर्माईशीवरून म्हटले जाणारे किशोरकुमारचे गाणे डोळ्यांपुढे येते. त्यामुळे ‘चेंबर ऑर्केस्ट्राचा येता हंगाम’ असे लिहिले की वाचणारा दोनदा अडखळतो, एकदा ऑर्केस्ट्रापाशी आणि एकदा हंगामापाशी. हंगाम आंब्याचा असतो, लग्नांचा असतो, साखर कारखान्याचा गळिताचा असतो. मैफलींचा हंगाम ही कल्पना आपल्याकडे पुसटच. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, पण तो महोत्सव, म्हणजे थोड्या दिवसांची जत्रा. हंगाम म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच छापून वाटलेले वेळापत्रक: अमुक महिन्यात अमुक कृती, वादक तेच, जागा तीच आणि श्रोत्यांपैकी निम्मे तरी तेच. माझे म्हणणे या दुसऱ्या शब्दाभोवती आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद भारतात रुजला नाही अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते आणि तिचे कारण बहुतेक वेळा संस्कृतीत शोधले जाते. मला ते आकारात आणि वेळापत्रकात दिसते. जे मोठे होते आणि एका माणसाच्या किंवा एका झगमगत्या संध्याकाळच्या जोरावर उभे होते ते गेले. जे लहान होते आणि ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा वाजत राहिले त्याने मूळ धरले.

हा विचार येलहंक्यातून केलेला बरा. केंपेगौडाने 1537 मध्ये बंगळूर वसवले ते येलहंक्याच्या गादीवरून. म्हणजे आज ज्याला उपनगर म्हणतात तेच मूळ गाव, आणि शहर ही त्याची वाढ. आता तिथे रेल्वेची चाके ओतणारा कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे, विमानतळाच्या रस्त्याने उगवलेल्या उंच इमारती आहेत आणि त्या इमारतींत देशातल्या सगळ्या भाषा बोलणारी माणसे आहेत. 1996 पासून एक वर्षाआड होणारे ‘एरो इंडिया’ याच तळावर भरते. त्या आठवड्यात लढाऊ विमाने घरांवरून गेली की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि गच्च्या माणसांनी भरतात. वीस तंतुवाद्यांचा समूह तेवढी माणसे कधीच गोळा करणार नाही. त्याने तसा प्रयत्न करू नये हेच मला सांगायचे आहे.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे छोटा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, अशी एक समजूत असते. ती अर्धीच खरी. पंधरा ते चाळीस वादक, त्यांत मुख्य भरणा व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बासचा. गरज पडली तर दोन ओबो, दोन हॉर्न. पुष्कळदा संचालक नसतोच. पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक गज उचलताना जो श्वास घेतो त्यावर बाकीचे उठतात, तबलजी गवयाच्या मानेकडे बघून समेचा अंदाज घेतो तसे. फरक जवळून बघायचा तर स्वरलिपीच्या स्टँडकडे बघावे. तंतुवादक दोघांत एक स्टँड वापरतात. श्रोत्यांच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. सोळा पहिली व्हायोलिने असतील तर आठ जणांनी दोन मात्रा गज थांबवला तरी फारसे कळत नाही, आवाजाचा ढीग तेवढा मोठा असतो. चारच व्हायोलिने असतील तर दोन स्टँड आणि पान उलटणारे दोन हात. त्या दोन मात्रांत निम्मा आवाज नाहीसा होतो. म्हणून अशा समूहात पान कुठे उलटायचे याचीही तालीम होते. कुणी पुढच्या पानाची झेरॉक्स काढून चिकटपट्टीने कडेला जोडतो, कुणी शेवटची ओळ पाठ करतो. गज वर कधी, खाली कधी याच्या खुणा पेन्सिलीने करायच्या, शाईने नाही, कारण पुढल्या हंगामात त्या बदलतील. लहान समूहात कुणाच्या आड लपता येत नाही. नवशिक्या वादकांसाठी हे कठीण आहे, आणि शिकवणारेही हेच आहे.

हे संगीत मुळात परके, हा पहिला आक्षेप. मराठी माणसाने तरी तो जरा जपून घ्यावा. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. इथल्याच दरबारावर जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात शहाजीराजांपुढे अनेक भाषांतले कवी हजेरी लावतात. म्हणजे बंगळूरचे बहुभाषिकपण आयटी कंपन्यांनी आणलेले नाही. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी इथून पुढे दक्षिणेला गेले आणि 1675-76 च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीने (राज्यकाल 1798 ते 1832) आपल्या दरबारात युरोपीय वाद्यांचा ताफा बाळगला आणि छापील पाश्चात्त्य स्वरलिप्या जमवल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांच्या शेजारी त्यांचा संग्रह आहे. मराठी बोलणारा राजा, तमिळ मुलूख, तेलुगू कीर्तने आणि युरोपातून मागवलेली स्वरलिपी. मुंबईत टाउन हॉलच्या पायऱ्याही बांधून व्हायच्या होत्या तेव्हाची ही गोष्ट.

मात्र याच पुराव्याची दुसरी बाजू आक्षेप घेणाऱ्याला मदत करते, ती झाकून चालणार नाही. सरफोजीचा ताफा त्याच्या गादीबरोबर ओसरला. राहिले काय, तर एकटे व्हायोलिन. मुथुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासकडे युरोपीय वादकाकडून ते शिकले. तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलूला त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांनी 1834 मध्ये हस्तिदंती व्हायोलिन दिले. मग ते वाद्य मांडी घालून बसलेल्या वादकाच्या छाती आणि घोट्यामध्ये टेकले आणि गमक घ्यायला लागले. आज बंगळुरात मल्लेश्वरमजवळ चौडय्या स्मारक सभागृह आहे. टी. चौडय्यांनी व्हायोलिनला सात तारा लावल्या होत्या, आणि 1980 मध्ये उभी राहिलेली ती इमारतच व्हायोलिनच्या आकाराची आहे. आपल्याकडे व्ही. जी. जोग आणि गायक असूनही व्हायोलिन हातात घेणारे गजाननबुवा जोशी झाले. पॅरिसमध्ये जन्मलेली हार्मोनियम तर कीर्तनात इतकी मुरली की तिचा जन्मदाखला कुणी मागत नाही. तर मग वाद्य परके नाही हे सिद्ध झाले, पण वाद्यवृंद परका नाही हे सिद्ध झाले का? झाले नाही. आपण व्हायोलिन घेतले आणि हार्मनी दारातच ठेवली. एकाच क्षणी चार वाद्ये चार वेगळ्या गोष्टी बोलतात आणि त्या चारींचा मिळून एक अर्थ होतो, हे ऐकण्याची सवय आपल्या कानाला नाही. तानपुऱ्याच्या षड्जाला धरून एकाच सुराचा माग काढत जाणारा कान पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा त्याला गलका वाटतो किंवा गोड पार्श्वसंगीत वाटते. दोन्ही चुकीचे. पण सवय नसणे हा दोष एका भव्य मैफलीने जात नाही. तो चौथ्या, सहाव्या, दहाव्या साध्या मैफलीने जातो. आक्षेप खरा मानला तरी तो हंगामाच्या बाजूनेच जातो.

मोठ्यांचे काय झाले ते मुंबईत दिसते. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन मेहता हा त्यांचा मुलगा, आणि जगाला तो मिळाला हे त्या घराचे मोठे देणे. पण मेहली मेहता मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात गेले, तिथून अमेरिकेला गेले, आणि मुंबईतल्या ऑर्केस्ट्राची ताकद त्यांच्याबरोबरच गेली. दुसरे उदाहरण अँथनी गोन्साल्विसांचे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आघाडीचे संयोजक होते. प्यारेलाल त्यांच्या हाताखाली शिकले. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात एकशेदहा वादक बसवले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभे केले आणि रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या. कल्पना धाडसी होती, आणि तिच्यातली संगीताची बुद्धी आजही कुणाला सहज साधणार नाही. पण एकशेदहा माणसे म्हणजे एकशेदहा जण स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमधून एकाच दिवशी मोकळे असणे. स्टुडिओ रोज पैसे देत होता, चौक देत नव्हता. गोन्साल्विस 1960 च्या दशकात अमेरिकेला गेले. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते 1977 च्या चित्रपटात अंड्यातून बाहेर येणाऱ्या नायकाच्या गाण्यामुळे, जे त्यांच्या शिष्याने गुरूला वाहिलेले होते.

त्याच 1958 मध्ये लंडनला ट्राफल्गार चौकातल्या सेंट मार्टिन चर्चच्या नावाने काही तंतुवादक एकत्र आले. नेव्हिल मॅरिनर त्यांतला एक व्हायोलिनवादक. संचालक नको, एवढे त्यांचे ठरले होते. मोठ्या ऑर्केस्ट्रात दिवसभर हुकूम पाळून ते कंटाळले होते. पुढच्या वर्षी त्यांची पहिली मैफल झाली आणि अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स आजही वाजते आहे. तुलना अन्यायाची आहे असे कुणी म्हणेल. लंडनला वादकांचा तोटा नव्हता, ऐकणारे होते, बीबीसी होती, रेकॉर्ड कंपन्या होत्या. हे मान्य. मुंबईत यांतले पुरेसे काही नव्हते. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो: जिथे पाया इतका भरीव होता तिथे त्यांनी लहान सुरुवात केली आणि जिथे पाया नव्हता तिथे आपण एकशेदहांनी सुरुवात केली. मुंबईतच जिनी दिनशॉ यांनी 1962 मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केला. हौशी आणि शिकाऊ वादकांना घेऊन दशकानुदशके तो वाजत राहिला. त्याच्यावर चित्रपटगीत झाले नाही, पण शहराला व्हिओला आणि चेलो वाजवणारी माणसे त्यातून मिळत गेली. लहान समूहही पुष्कळ मेले असतील आणि त्यांची नोंद कुणी ठेवली नसेल, हे खरे. पण लहान समूह मोडला तर पाच-सात जण चौघांचा क्वार्टेट करून एखाद्याच्या दिवाणखान्यात वाजवू शकतात. मोठा मोडला की टिंपनी वाजवणारा एकटा काय करणार?

पैशाचा आणि आश्रयाचा आक्षेप बंगळुरात विशेष जोराने येतो, कारण इथल्या राजाने हे संगीत खरोखर पोसले होते. म्हैसूरचे जयचामराजेंद्र वडियार स्वतः पियानो शिकलेले. रशियन संगीतकार मेट्नर लंडनमध्ये आजारी आणि विस्मृतीत पडलेला असताना त्याच्या कृती ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून त्यांनी पैसा दिला. मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. 22 मे 1950 रोजी रिचर्ड स्ट्राऊसची ‘फोर लास्ट साँग्ज’ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली, गायिका फ्लागस्टाट, संचालक फुर्टव्हेंगलर. त्या मैफलीच्या तोट्याची हमीही महाराजांची होती. अशी रसिकता दुर्मीळच, आणि हेच महाराज कर्नाटक संगीतातले वाग्गेयकारही होते. तरी ती संध्याकाळ लंडनला मिळाली. दात्याचा पैसा जिथे वादक तयार असतात तिथे वाहत जातो, त्यात दोष कुणाचा नाही. यावर ‘म्हणूनच ही श्रीमंतांची हौस’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतही राजांच्याच अंगणात वाढले. ते राजांनंतर जगले ते मंडळांच्या वर्गणीवर. बंगळुरात चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळी 1939 पासून रामनवमीला मांडव घालते आणि महिनाभर रोज गाणे होते. मुलांना कडेवर घेऊन आलेली माणसे तास न् तास बसतातच असे नाही. अर्धा राग ऐकून, पानक पिऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. हंगाम म्हणजे हेच. ही कल्पना आपल्याकडे पुसट आहे असे मी सुरुवातीला म्हटले, ते महाराष्ट्रापुरते धरावे. या शहराला ती चांगली माहीत आहे. फक्त तिच्यात चेलोला जागा दिलेली नाही.

आता राहिला जाणकारांचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार. चेंबर ऑर्केस्ट्रावर समाधान मानणे म्हणजे ब्राह्म्स, ब्रुकनर, माहलर यांना कायमचे मुकणे. मुंबईच्या एनसीपीएने 2006 मध्ये खुश्रू सनटूक आणि मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा करून दाखवला आहे, वर्षाला दोन हंगाम होतात. मग भव्यता का नको? नको असे नाही. पण तो उभा राहिला तेव्हा त्याचे बरेच वादक कझाकस्तानातून आले होते, संस्थेचे स्वतःचे नाट्यगृह होते, आणि काही वर्षांत त्यांना मुलांसाठी स्वतःची संगीतशाळा काढावी लागली. म्हणजे सर्वांत मोठ्यालाही शेवटी लहानांपासून सुरुवात करावीच लागली. शिवाय लहान समूहाला वाजवायला काही नाही, ही समजूत चुकीची आहे. हायडनच्या एस्टरहाझी दरबारातला वाद्यवृंद पंधरा ते पंचवीसच्या दरम्यानच असे, आणि सिम्फनी नावाची गोष्ट घडली ती त्याच मापात. मेंडेल्सोनने तंतुवाद्यांसाठी सिम्फनी लिहिल्या तेव्हा तो बारा ते चौदा वर्षांचा होता. त्याच वयाच्या मुलांना त्या वाजवता येतात आणि मोठ्यांना ऐकवतात. ड्वोराक आणि चायकॉव्स्कीची सेरेनेड, ग्रीगची होलबर्ग स्वीट, बार्टोकचे 1939 चे डिव्हर्टिमेंटो. हे शेवटचे बाझेलच्या चेंबर ऑर्केस्ट्रासाठी पॉल झाखर याने मागून घेतलेले. लहान ऑर्केस्ट्रा नवीन कृती लिहवून घेऊ शकतो, कारण चूक झाली तर बुडणारी रक्कमही लहान असते. इथल्या एखाद्या तरुण संगीतकाराला सिंहेंद्रमध्यमम रागावर वीस तंतुवाद्यांसाठी काही लिहायचे असेल, तर ते ऐकायला त्याला सिम्फनीची वाट बघावी लागू नये.

फोनवर हे सगळे फुकट ऐकायला मिळते, असे म्हणणाऱ्याशी फार वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला चौथ्या रांगेत बसवावे. राळ लावलेला गज तारेवर धरतो त्याची किंचित खरखर, सूर सुरू होण्याआधीचा सगळ्यांचा एकत्र श्वास, डबल बासचा खालचा ‘मी’ जमिनीतून पायाला कळतो तो, हे हेडफोनमधून येत नाही. आणि लहान सभागृहात येते, मोठ्यात येत नाही.

तर येलहंक्यातल्या माणसाच्या दृष्टीने हंगाम कसा असावा? बल्लारी रस्त्याने शहराकडे निघाले की हेब्बाळचा पूल लागतो, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला तो ओलांडणे म्हणजे अर्धी मैफल रस्त्यातच सोडणे. पुलापलीकडे आर. टी. नगरला अरुणा सुंदरलाल यांनी 1987 मध्ये सुरू केलेले बंगलोर स्कूल ऑफ म्युझिक आहे. शहराच्या या बाजूला तंतुवाद्ये शिकवणारी जागा आहे, ही नशिबाची गोष्ट. पण शिकलेल्या मुलाला वाजवायला वर्षभर ठरलेल्या तारखा हव्यात, आणि ऐकणाऱ्यालाही. वेळ रविवारी दुपारी चारची. कार्यक्रम सव्वा तासाचा, मध्यंतराशिवाय. वर्षाला सहा मैफली, सहाही तारखा जूनमध्येच जाहीर. एक कृती प्रत्येक हंगामात पुन्हा, म्हणजे मागल्या वर्षी गलका वाटलेले यंदा ओळखीचे वाटेल. फेब्रुवारीत विमानांचा आठवडा टाळावा, हे वेगळे सांगायला नको.

अशा हंगामाचा शेवट हायडनच्या 1772 मधल्या ‘फेअरवेल’ सिम्फनीने करण्याचा मोह संयोजकांना होतो. एस्टरहाझीचा राजपुत्र उन्हाळी महालातून हलेना, वादकांना घरी बायकामुलांकडे जायचे होते. तेव्हा हायडनने शेवटच्या भागात एकेका वादकाला आपापली मेणबत्ती विझवून उठून जायला लावले. निरोपाला याहून साजेसे काही नाही, असे वाटते. मी मात्र ती पहिल्या मैफलीत ठेवीन. ओबो जाईल, हॉर्न जातील, बास जाईल, चेलो जातील, दिवे एकामागून एक मालवतील, आणि शेवटी एका स्टँडवर पुरतील एवढी दोनच व्हायोलिने मंद आवाजात वाजत राहतील. उठून गेलेले सगळे पुढल्या महिन्यात पहिल्या रविवारी दुपारी चारला आपापल्या खुर्चीवर बसून तारा जुळवताना दिसतील.